कॅमेऱ्यासमोरचा गुडघा

दि. ४ ऑगस्ट

चि. डॉक्टरसाहेब यांस,
अ. उ. आ.

फोनवर तू नुसता हं-हं करत असतोस, म्हणून हे कागदावर. काल माझ्या मेडिकलमध्ये तुझ्या अ‍ॅपवरची, तुझ्या सहीची चिठ्ठी आली. आणणारे आमच्या मागच्या गल्लीतले सुतारकाका, वय बहात्तर. गुडघेदुखीवर दहा दिवसांच्या जोरदार गोळ्या! या माणसाची किडनी अधू आहे, सहा वर्षं औषधं माझ्याकडूनच जातात. पाय चपलेत मावेनात इतके सुजलेले. मी गोळ्या दिल्या नाहीत. घरबसल्या डॉक्टरकी करणारे भाचे फार झालेत, असं ऐकवून त्यांना परत पाठवलं.

तू त्यांना पाहिलंस तरी का? की पत्ता वाचून औषध दिलंस?

लोभ आहे, पण आज रागाखाली दबलाय.
तुझी आत्या

दि. ७ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कान लाल झाले. अगं, संमतीच्या चौकोनात टिचकी मारलेली आहे, व्हिडिओ-भेटीचं चित्रण अ‍ॅपच्या कंपनीकडे आहे, माझा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आहे. कायद्याला आणखी काय हवं? किडनीच्या रकान्यात स्पष्ट 'नाही' भरलंय. आणि हो, मी पाहिलं त्यांना! गुडघा वाकवायला सांगितला, तो दोनदा सहज वाकवला. सूजबीज काही नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही तुझी सवय जुनीच.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा भाचा

दि. ११ ऑगस्ट

चि. डॉक्टरसाहेब,
आशीर्वाद.

शाबास! काका कॅमेऱ्यासमोर बसेनात, मी काय नाटकात काम करतो का म्हणाले. म्हणून त्यांचा मुलगा बसला. गुडघा त्याने वाकवला. किडनीचं त्याला ठाऊक नव्हतं, रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना, म्हणून 'नाही' करून टाकलं. दुखणं नीट सांगितलं की झालं, तोंड कुणाचंही चालेल, असं त्याला वाटलं. तो भोळा म्हणू. पण तू? फॉर्मवर वय बहात्तर आणि समोर डोक्यावर जंगल असलेला चौतीस वर्षांचा बाप्या! तुला डोळे आहेत की बटणं?

काकांनी तीच चिठ्ठी दाखवून पुढच्या दुकानातून गोळ्या घेतल्या. चार दिवस खाल्ल्या. परवापासून दवाखान्यात आहेत, लघवी बंद झालीये. तुझा नोंदणी क्रमांक आता त्यांच्या उशाशी नेऊन ठेव.

आत्या

दि. १८ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न.

चित्रण मागवून पाहिलं. चार मिनिटांत मी एकदाही मान वर केलेली नाही. खाली बघून चिठ्ठी लिहितोय. मुलगा गुडघा वाकवतो आणि मी न बघताच छान म्हणतो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. त्यांना पाहिलं असं तुला लिहिलं, तेही तेव्हा खरंच वाटत होतं.

कंपनीने तयार जबाब पाठवला, की रुग्णाच्या मुलाने फसवलं. सही केली तर मी सुटतो आणि पोलीस त्याच्या दारात जातात. मी केली नाही. मी रुग्ण पाहिलाच नव्हता, असं मेडिकल कौन्सिलला लिहून दिलंय. नोंदणी बहुतेक जाईल.

काल दवाखान्यात जाऊन आलो. काका वाचले, पण आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आत्याने नाही म्हटल्यावर गोळ्या का घेतल्या, असं मी विचारलं. ते म्हणाले, बाई भाच्यावर चिडल्या होत्या, किडनीचं काही बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं, तुमच्या घरातलं भांडण असेल.

तुला टोचायला हे लिहीत नाही. तू विचारलं असतंस, म्हणून लिहिलं.

तुझा भाचा

दि. २१ ऑगस्ट

चि. बाळास,
अ. उ. आ.

काका खरं बोलले. गोळ्या का देत नाही, हे मी त्यांना सांगितलंच नाही. तुझी कशी खरडपट्टी काढायची, तेवढंच डोक्यात होतं. मी तर कॅमेऱ्यातून बघत नव्हते रे. ते माझ्यासमोर हातभरावर उभे होते.

माझाही जबाब घ्या, असं कौन्सिलला कळव. लोभ मागायला आज तोंड नाही.

आत्या