चैत्रात बोट होती

परभणी, आषाढ शुद्ध तृतीया

रत्नागिरीला आक्का अंथरुणाला खिळली आहे. "एकदा भेटून जा," असं तिने चैत्रातच लिहिलं होतं. मी सभा गाजवत फिरलो. आज बेत ठरवला: मनमाडवरून मुंबई, पुढे बोट. चौकशीला गेलो, तर स्टेशनमास्तर हसले. "वकीलसाब, पावसाळ्यात बोट कुठली? आता नारळी पुनवेनंतरच. इतकं वाचता, अन् हे मालूम न्हाई?" घाटातली मोटारही बंद आहे.

आम्ही गोदाकाठची माणसं. समुद्रही बंद होतो, हे कुठून ठाऊक असणार? पण चैत्रात बोट होती. चैत्रात गेलो असतो तर...

पौर्णिमेपर्यंत ती राहील का? 'नारळी पौर्णिमा होताच नक्की येतो,' असं लिहून पाकीट चिकटवलं. वाचून आक्का म्हणेल, भाऊ भाषण करतोय.