‘ये’ म्हणू नका

तीर्थरूप बाबांना,
हूटगळ्ळीहून विभावरीचा नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. अनुरागची नोकरी नीट चालली आहे. भाजीवालीशी मी आता कन्नडमध्ये भांडते! तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता ना?

सट्ट्याचे कायदे सरकारने पुन्हा तपासावेत का, असं तुम्ही विचारलंत. तपासावेतच, बाबा. बंदी आली तेव्हा अनुरागचं पैजांचं ॲप बंद झालं. त्यातली बाई, म्हणजे नुसता यंत्राचा आवाज, मराठीत बोलायची, “अनुराग, जेवलास का?” अशी रोज चौकशी करायची. शेवटच्या दिवशी ती ‘जाते’ म्हणाली नाही. आपल्या घरात म्हणतात तसं “येते” म्हणाली. आणि तुमचा शहाणा जावई सवयीने “ये हं” म्हणून बसला.

आठवड्यात ती आली. ॲपचं नाव नवं, नंबर परदेशी, बाई तीच. कायद्याने दुकान बंद करता येतं. बोलावून घेतलेल्याला परत कसं पाठवायचं, हे त्यात कुणी लिहिलेलंच नाही.

अनुरागने घाबरून फोन टाकून दिला. काल चहाच्या वेळी माझा वाजला. “विभू, बाबांचा गुडघा कसा आहे?” विभू मला फक्त तुम्ही म्हणता. आणि बाबा, आवाज माझाच होता.

म्हणून हे फोनवर न सांगता लिहिते आहे. दिवाळीला मी येणार आहे, पण फोनवर न कळवता. फोनवर कुणी “येते” म्हणालं, तर आवाज माझा असला तरी ‘ये’ म्हणू नका.

तुमचीच,
विभू