काळा चिखल, तांबडा चिखल

सोलनजवळचा तंबू, १२ नोव्हेंबर १९५७

तीर्थरूप बाबांस,

धर्माचा गव्हाण गावातल्या आपल्या घराच्या उंबऱ्याला दुरून नमस्कार. थंडी आहे, पण घोंगड्या दोन आहेत.

आमच्या भूगर्भ सर्वेक्षणाचे साहेब म्हणतात, मी काढलेला डोंगरातल्या दगडांच्या थरांचा नकाशा चुकला; जुना दगड नव्याच्या वर असूच शकत नाही. मी तंबूबाहेर खाली काळा, वर तांबडा चिखल पसरला आणि मिठागराचा तळ सारखा करताना ढकलतो तसा फळीने ढकलला. आधी वळ्या पडल्या, मग थर फाटले आणि खालचा काळा तांबड्यावर चढला. हे डोंगरही असेच दाबले गेलेत. साहेब म्हणाले, नकाशा बदल, नाहीतर घरी जा. मी नाही म्हणालो.

आईचा खोकला पनवेलच्या डॉक्टरांना दाखवलात का?

माझी मिठागरातली फळी कुणाला देऊ नका. वेळ आली तर येऊन तीच धरेन, पण जुना दगड नव्यावर चढल्याची नकाशावरची रेघ पुसणार नाही.

तुमचा,
धर्मा