मागच्या जिन्यातली अढी

मंगळवार. मे अर्धा सरला.

आमच्या बिल्डिंगचा आगीच्या वेळी बाहेर पडायचा नकाशा आज सगळ्यांच्या मोबाइलवर गेला. सेक्रेटरी मी, त्यामुळे राग माझ्यावरच निघाला. तोही घरातून!

नकाशात मागच्या जिन्याचा फोटो आहे, आणि फोटोत सासूबाईंनी आंबे पिकायला घातलेली अढी. वाळलेलं गवत अगदी भिंतीपर्यंत. दर वर्षी तिथेच घालतात, जिन्यात ऊब चांगली म्हणून. गेटजवळ टांगलेल्या जुन्या कागदी नकाशात हा जिना कायम मोकळाच होता. पण त्याच्याकडे बघत कोण होतं? मी तरी?

"माझे आंबे गावभर कशाला दाखवलेस?" सासूबाई फणकारल्या. मी वाद घातला नाही. मोबाइलवर त्यांच्या खोलीवर बोट ठेवलं. हिरवी रेघ खोलीतून निघाली, जिन्यात उतरली आणि पहिल्याच वळणावर लाल होऊन थांबली. अढीपाशी.

त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन लाल टोक निरखलं. मग गुडघा चोळत म्हणाल्या, "ह्या पायांनी मी ते गवत ओलांडणार कशी गो?"

अढी आता आम्हा नवरा-बायकोच्या पलंगाखाली आहे. खोलीभर वास. मोकळ्या जिन्याचा फोटो लगेच नकाशात टाकला, रेघ गेटपर्यंत हिरवी झाली; तेवढ्यात मुंबईहून वरच्या बंद फ्लॅटवाल्यांचा मेसेज आला: "आमचं कपाटही वरच्या जिन्यातच आहे ना? शनिवारी येऊन हलवतो." इतकं सोपं होतं हे?

जेवण झाल्यावर सासूबाईंनी स्वतःच मोबाइल मागितला. रेघेवर बोट ठेवून सावकाश उतरल्या, गेटबाहेर पोचल्या. मग मान वर न करता विचारलं, "आणि तुम्ही दोघं?"

आमची रेघ दाखवली. तीही त्याच जिन्यातून येते.