बादलीत उभी माणसं

ता. ४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

अक्का, अखेर मला शैली सापडली! ‘चित्रं छान आहेत, पण कुणाची ते कळत नाही’ हे वीस वर्षं ऐकून कान किटले होते. काय काय नाही केलं? एक वर्ष नुसता निळा रंग, एक वर्ष डावा हात. आणि परवाच्या प्रदर्शनात एक बाई दारातूनच म्हणाल्या, की ही त्याचीच चित्रं. मी विचारलं, कशावरून ओळखलंत? तर म्हणाल्या, कुणालाच पाय नाहीत ना.

कारण तुला ठाऊक आहे. बुटांच्या दुकानात वाढलो, पण मला पाय काढता येत नाहीत. त्यांची रताळी होतात. म्हणून बँकेच्या मॅनेजरांचं अकरा जणांचं कुटुंब मी त्यांच्याच दिवाणखान्यात गुडघाभर गवतात उभं केलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंना बादलीत. पेपरातल्या समीक्षकाने याला ‘पायांचा धीरोदात्त त्याग’ म्हटलंय, कात्रण सोबत पाठवतोय. गॅलरीच्या मालकांनी लगेच वर्षभराचा करार केला. पहिलं काम धावण्याच्या शर्यतीतल्या विजेत्याचं आहे. त्याच्यासाठी पिंप शोधतोय.

तुझे गुडघे कसे आहेत? दुकानात फार उभी राहू नकोस. आहे तो लोभ असाच राहू दे.

तुझा,
धाकटा


ता. १९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कात्रण पोचलं. कारागिरांना मोठ्याने वाचून दाखवलं. शिलाईवाले काका इतके हसले की तोंडात धरलेले खिळे सांडले. अरे, याला शैली नाही, चुकारपणा म्हणतात. लहानपणी गणितं टाळायचास तसेच आता पाय टाळतोस. बाबांनी उभ्या गावाचे पाय मांडीवर घेतले, आणि त्यांचा मुलगा लोकांना बादलीत उभं करतो!

आता कामाचं. गुडघ्यांनी पार हात टेकले. डॉक्टर म्हणतात, उकिडवं बसणं कायमचं बंद. पाय मापायला खाली बसता येत नसेल तर दुकान कशाला? जूनअखेर कुलूप लावणार. किल्ली शिलाईवाल्या काकांना देते, ते हवं तर चालवतील. कुलूप लावण्याआधी मला एक चित्र हवंय. बाबा स्टुलावर बसून गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घेताहेत, एवढंच. दोघांचेही पाय दिसले पाहिजेत. गवत, धुकं, म्हैस, काही मधे आणलंस तर चित्र परत पाठवीन.

शर्यतवाल्याला पिंपात घालून बाहेर काढायला विसरू नकोस. तब्येत सांभाळ, आणि रागावलास तरी पत्र टाक.

अक्का


ता. २७ मे

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

चित्र झालं! आणि मी भलत्याच घोळात सापडलोय.

दोन महिने दाराला कडी लावून नुसते पाय काढले. आरशात स्वतःचे, पोस्टमनचे, घरमालकीणबाईंचे. त्या आधी घाबरल्या, मग रोज पाय धुऊन येऊ लागल्या. पहिले दोनशे रताळीच. मग एके दिवशी एक टाच जमली, तिच्यामागून घोटा आला, आणि मी वेड्यासारखा खोलीभर नाचलो. तुझं चित्र त्यानंतरचं.

ते ओलं असतानाच गॅलरीचे मालक आले. पाय बघून मटकन खाली बसले. म्हणाले, कुणीतरी तुमची नक्कल करतंय. मी सांगितलं, माझंच आहे. ते म्हणाले, तुम्ही भोळे आहात. मग तीन तज्ज्ञ आले. भिंगातून वीसही बोटं पाहिली आणि चित्र बनावट ठरवलं. मी शपथ घेतली, तर म्हणाले, चित्रकाराला स्वतःच्या कामाकडे तटस्थपणे बघता येत नाही. शेवटी त्यांच्यासमोर काढून दाखवायला सांगितलं. दाखवलं. पाय उत्तम आले. त्यांनी लगेच लिहून दिलं, की मी तो नव्हेच.

मालकांनी वाट सुचवली आहे. बाबांच्या पायांपुढे एक मोठी कुंडी काढायची. कुंडी आली की चित्र अस्सल, मी अस्सल, करार शाबूत. नाहीतर सगळं संपलं. वीस वर्षांनी लोक मला ओळखायला लागलेत, अक्का. काय करू? तुझं उत्तर येईपर्यंत ब्रश हातात घेत नाही.

गोंधळलेला,
धाकटा


ता. ४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

काढ कुंडी. माझ्या हट्टापायी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस. मागे काय आहे ते मला माहीत आहे, तेवढं पुरे. झाड मात्र जरा बरं काढ.

अक्का


ता. १५ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

कुंडी काढायला बसलो. रंग कालवला, ब्रश बुडवला. पण बाबांचा अंगठा दिसेनासा करायला हात धजेना. तीन महिन्यांत तेवढीच एक गोष्ट खरी जमली होती. चित्र जसंच्या तसं आजच्या पार्सलने पाठवतोय.

करार मोडला. मालकांनी माझ्या जागी दुसरा माणूस नेमला आहे, त्याला पाय अजिबातच येत नाहीत. तज्ज्ञांनी तो मीच असल्याचा दाखलाही दिला. काल त्याचं, म्हणजे माझं, प्रदर्शन बघून आलो. दारावरच्या माणसाने मला ओळखलं नाही. त्याच्या बादल्या माझ्यापेक्षा चांगल्या आहेत.

तुझा, निदान तुझा तरी,
धाकटा


ता. २९ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पार्सल फोडलं आणि सही बघायच्या आधीच कळलं, की हे तुझंच.

पायांवरून नव्हे रे. तुझ्या चित्रांतली माणसं पहिल्यापासून एका तऱ्हेने उभी असतात. खांदे किंचित आत, मान जराशी कललेली, कुणाची तरी माफी मागायला आल्यासारखी. बँकेचे मॅनेजर तसेच, डॉक्टरीणबाई बादलीतही तशाच. सहाव्या वर्षी भिंतीवर कोळशाने काढलेला पोलीससुद्धा तसाच होता. त्या तिघा तज्ज्ञांना ते दिसलं नाही, कारण ते खाली बघत होते.

आता बाबांबद्दल. तुला चित्रकला शिकायला पाठवलं त्याच महिन्यात त्यांनी मला शाळेतून काढून या स्टुलावर बसवलं. मी चौदा वर्षांची होते. तू लहान होतास, म्हणून तुला कधी बोलले नाही. त्यांना तर शेवटपर्यंत बोलले नाही. बाबांनी आयुष्यात कुणाची माफी मागितल्याचं मला आठवत नाही.

काल चित्र भिंतीला लावलं. त्यात बाबा गिऱ्हाइकाच्या पायावर वाकलेत, पण मान वर करून समोर बघताहेत. नेमकी माझी खुर्ची असते तिकडे. खांदे तसेच, आत. शिलाईवाल्या काकांनी दोनदा विचारलं, कुलूप लावायचं ना? मी म्हटलं, लावू, जरा थांबा. बाबांचं काय म्हणणं आहे ते ऐकून घेऊ दे.

दोन दिवस इकडे येऊन जा.

तुझी,
अक्का