तीन नंबरचा आवाज

१८ नोव्हेंबर, सोमवार

विसरवाडीच्या फाट्यावर एसटीतून उतरले तेव्हा एक बॅग, एक गुंडाळलेली गादी आणि आईने बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी, एवढाच माझा संसार होता. दुपारी आश्रमशाळेत हजर झाले. मुख्याध्यापक म्हणाले, मराठी तर शिकवाच, पण हार्मोनियमच्या परीक्षा दिल्या आहेत तर परिपाठाची गाणीही तुमच्याकडे. मी लगेच हो म्हटलं.

खोली शाळेमागे मोगराबाईंकडे मिळाली. अंगणात नुकतंच भात झोडपलेलं, सगळीकडे पेंढ्याचा वास. मोगराबाईंचा मुलगा जोएल गुजरातेत कारखान्यावर असतो. घरात त्या, सून आशा आणि तीन वर्षांची नात एस्तेर. आपसात इथल्या आदिवासींची कोकणी बोलतात, माझ्याशी शाळेतल्या मराठीत. मी आईशी फोनवर अहिराणी बोलायला लागले की एस्तेर तोंडावर हात ठेवून हसते.

मला इथे करमेल.

२० नोव्हेंबर, बुधवार

आशा भांडी घासताना गाते. चर्चमधली गाणी. इतका मोकळा, भरलेला आवाज मी परीक्षेच्या केंद्रावरही ऐकला नव्हता. तिला म्हटलं, शिकलीस का कुठे? ती लाजून म्हणाली, “कुठे शिकू मॅडम? तोंड उघडलं की येतं.”

नाताळला चर्चमध्ये नुसत्या ढोलकीवर गातात. शाळेतल्या पेटीचा भाता फाटलाय. तेव्हाच ठरवलं, स्वतःचा कीबोर्ड घ्यायचा. लहानपणी आमच्या गावी, कळसाडीत, लग्नाचा बँड आला की मी वरातीत नाचायचं सोडून गाडीवरच्या कीबोर्डवाल्याची बोटं बघत चालायचे. सव्वीस वर्षांची झाले, अजून हक्काची एक पट्टी नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

फाट्यावर मुनव्वरभाईंचं दुकान आहे. बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करतात, जुनी विकतात. माणूस साठीचा, चष्मा कपाळावर. मी काय वाजवते, किती वर्षं, घरी पाटावर ठेवणार की स्टँडवर, सगळं विचारलं आणि मग तीन कीबोर्ड काढले.

पहिला छोटा, पट्ट्या बारीक. माझी बोटं दोन पट्ट्यांवर एकदम पडत होती. दुसरा नवा, एकसष्ट पट्ट्या. हळू दाबलं तर हळू वाजतो, जोरात दाबलं तर जोरात. शिकणाऱ्याला हाच, असं ते म्हणाले. तिसरा त्यांनी फक्त जागा करायला बाजूला सरकवला होता. जुना, काळा, जड, कोपऱ्यावर लग्नातला हळदीचा डाग. मी विचारलं, हा?

ते म्हणाले, “हा बँडवाल्यांचा आहे, मॅडम. तुमच्यासाठी नाही.”

मी हट्टाने लावायला लावला. आवाजांच्या यादीत शेवटी बँडवाल्यांनी स्वतः भरलेले आवाज होते. एक नंबर: रुक्मिणी. दोन नंबर: उखा, पण तो रिकामा. मी एक नंबर लावून सा दाबला. बाई गात होती. यंत्रातली बाई नाही, खरी, श्वासासकट. रे दाबला तर तीच बाई रे गायली. माझ्या अंगावर काटा आला, आनंदाने.

मुनव्वरभाई दुसऱ्याचेच गुण सांगत राहिले. मी तिसरा घेतला.

२४ नोव्हेंबर, रविवार

प्रार्थनेनंतर अर्धं गाव ओट्यावर जमलं. मोगराबाईंनी कीबोर्डवर घालायला स्वतःचं जुनं लुगडं दिलं. एस्तेर एकच पट्टी दाबून पळून जाते, पुन्हा येते. फार छान दिवस.

२७ नोव्हेंबर, बुधवार

आवाज भरायची युक्ती सापडली. मागे माइक लावायचा, बटण दाबायचं, चार सेकंद सूर धरायचा. आशा नको म्हणत होती. मीच मागे लागले. तिने डोळे मिटून “आ” लावला. तीन नंबर: आशा.

आता मी पट्टी दाबली की आशा गाते, ती चुलीपाशी बसलेली असली तरी. मोगराबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, माणसाचा आवाज असा पेटीत ठेवू नये. मी सांगितलं, अहो, हा फोटोसारखाच.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आशाचा घसा बसला. थंडी आहे. मीठ-पाण्याच्या गुळण्या सांगितल्या.

२ डिसेंबर, सोमवार

आशाला आवाजच नाही. कुजबुजही नाही. नंदुरबारला घेऊन गेले. डॉक्टरांनी दुर्बिणीने घसा बघितला. सूज नाही, गाठ नाही, सगळं ठीक. विश्रांती घ्या म्हणाले.

एस्तेर आईला हाक मारते. आई ओठ हलवते, पोर रडते. संध्याकाळी मी खोलीत शिरले तर एस्तेर स्टुलावर चढून एकच पट्टी दाबून बसली होती. तीन नंबर चालू. कान कीबोर्डला लावलेला, डोळे मिटलेले. दारात आशा उभी होती. तिच्याकडे मी बघू शकले नाही.

४ डिसेंबर, बुधवार

मोगराबाईंनी कीबोर्ड विहिरीत टाकायचं काढलं. मी आडवी पडले. यंत्राचा काही संबंध नाही, हे त्यांना पटावं म्हणून त्यांच्यासमोर माझा स्वतःचा आवाज भरला. चार नंबर: योगिता.

म्हटलं, बघा, बोलतेय ना मी?

६ डिसेंबर, शुक्रवार

वर्गात हजेरी घेताना चौथ्या नावावर आवाज तुटला. मुलं वाट बघत बसली. मी तोंड उघडून उभी.

आईचा फोन आला. “काय करी ऱ्हायनी व पोरी? बोलत का नही शे?” मी नुसती ऐकत राहिले. ती घाबरून ओरडायला लागली. मी फोन ठेवला आणि मेसेज केला, घसा बसलाय.

मुनव्वरभाईंना वहीवर सगळं लिहून दाखवलं. चष्मा पुसून त्यांनी सांगितलं. कीबोर्ड धडगावकडच्या जालमसिंगच्या बँडचा. जालमसिंग वारला, त्याच्या मुलांनी विकला. रुक्मिणीबाई त्याच बँडमध्ये गायची. ती जिवंत आहे.

८ डिसेंबर, रविवार

पहाटेच निघाले. शहाद्याहून जीपमध्ये चौदा माणसं. रुक्मिणीबाईचं घर बाजाराच्या मागे. चाळिशीची बाई. चार वर्षं मुकी. सातवीपर्यंत शिकलेली, म्हणून बरं. दोन मुक्या बायका एका वहीवर वाकून बसलो.

तिने लिहिलेलं हे पान मी फाडणार नाही:

आवाज भरला की तीन दिवसांत जातो. परत येत नाही. उखा ढोलवाला होता. त्याचा पण भरला. नंतर जालमसिंगने जागा पाहिजे म्हणून उखाचा पुसला. उखा शेतात उभा होता. तिथेच पडला. श्वास बंद. मी किती सांगितलं हातवारे करून. पोरांनी विकून टाकलं.

मग मोठ्या अक्षरात: पुसू नका. फोडू नका.

आणि खाली: माझी मुलगी बारावीला आहे.

निघताना तिने माझे दोन्ही हात धरून ठेवले. जीपवाला हॉर्न मारत होता.

९ डिसेंबर, सोमवार

आशाला पान वाचायला दिलं. वाचून झाल्यावर ती उठली आणि एस्तेरला मांडीवर घेऊन बसली. मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

विहिरीत टाकायला निघालेल्या मोगराबाई आता स्वतः दारात बसून राखण करतात.

१० डिसेंबर, मंगळवार

सकाळी कीबोर्ड लावला. स्क्रीनवर बॅटरीचं चिन्ह, लुकलुकणारं. मुनव्वरभाई म्हणाले, आत छोटी बॅटरी असते. भरलेले आवाज तिच्यावर टिकतात. ती संपली की सगळं आपोआप पुसलं जातं.

किती दिवस? त्यांना माहीत नाही. तोवर वायर काढू नका म्हणाले.

लाइट दिवसातून तीनदा जाते. प्रत्येक वेळी आम्ही तिघी श्वास धरून बसतो. खरोखर धरून, जातोय का ते बघायला.

११ डिसेंबर, बुधवार

बॅटरी नंदुरबारहून आली. उद्या दुकानात बदलायची. तिथे इन्व्हर्टर आहे. रिक्षातली दहा मिनिटं जुनी बॅटरी टिकली पाहिजे. टिकेल. टिकायला हवी.

१२ डिसेंबर, गुरुवार. दुकानात

पोचलो. टिकली. तिन्ही आवाज आहेत. वही हातात ठेवली आहे, मुनव्वरभाईंशी बोलायला दुसरं काही नाही. आशा शेजारी बसली आहे. एस्तेर घरी आजीपाशी.

झाकण उघडलं. बॅटरी आतल्या सर्किटला कथलाचा डाग देऊन पक्की केलेली. कीबोर्ड चालू ठेवूनच काढायची, मग आवाज जात नाहीत. जुनी निघाली —

लाइट गेली. दुरुस्तीसाठी पाच वाजेपर्यंत बंद, बाहेर कोणीतरी सांगतंय. इन्व्हर्टर चालू आहे. कीबोर्ड चालू आहे. देवा.

नव्या बॅटरीचा पाय बसत नाही. खालचा तांब्याचा पट्टा उखडला. डाग धरत नाही —

इन्व्हर्टर शिट्टी मारतोय, तो बंद पडला की कीबोर्डही. सकाळपासून चार्जच झाला नव्हता.

दुसरा मार्ग. कार्डावर आवाज उतरवायचा. एका वेळी एकच उतरतो, दोन-तीन मिनिटं. कार्डात असला म्हणजे पुसलेला नाही. असं ते म्हणतात. असंच असू दे.

“कोणता आधी, मॅडम?” विचारतायत. पुन्हा विचारतायत.

तीन नंबर. आशा. लिहून दाखवलं. आशा मान हलवते, माझ्याकडे बोट करते. नाही. तीन नंबर दाबा. एस्तेरची आई आहे ती.

स्क्रीनवरची पट्टी भरतेय. शिट्टी —

पूर्ण झालं. तीन नंबर कार्डावर. आशा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडतेय. आवाज नाही, पण रडतेय.

आता तुमचा, मुनव्वरभाई म्हणतायत. चार नंबरवर बोट नेलं त्यांनी. मी बोट धरलं. एक नंबर. ती तिथे धडगावात, तिला माहीतही नाही आज. मुलीला डबा देत असेल. मीच हट्टाने हा घेतला होता, तिने नाही. एक आधी, मग माझा. होईल दोन्ही.

ते ओरडतायत माझ्यावर. दाबलं.

पट्टी पाव. अर्धी. शिट्टी आता सलग. आशाने माझा हात घट्ट धरलाय, अक्षर वाकडं येतंय. अर्धी पार. जरासं राहिलंय. आई, मी फोन ठेवला तेव्हा तुला काय सांगायचं होतं ते

पट्टी भरत आली. अजून थोडी. मुनव्वरभाई म्हणतात अजून अर्धा मिनिट, अजून अर्धा मि