चांदणी अजून हात बघून थांबते

नांदेड, ४ डिसेंबर १९९५

अब्बांना अन् अम्मीला अकरमचा सलाम. रईसा, हे अब्बांना मोठ्यानं वाचून दाखव.

मी मजेत हाय. टांगा बंद करून तुम्ही चांदणी घोडी या उपचार केंद्राला दिली, तिला इथं ओझं न्हाई. अधू लेकरांना पाठीवर बसवून हळूहळू फिरवायचं, लगाम मी धरतो.

कुणी हात वर केला की ती थांबते, म्हणून डॉक्टरबाई चिडल्या. म्हणाल्या, ही खोड मोडा. मी म्हणलो, बाई, उदगीरच्या स्टेशन रोडवर सवारी टांगा असाच थांबवते.

भूकंपात उजवा खांदा चेंगरलेली दीपमाला इथं येते. दोन वर्षं तिनं तो हात उचलला न्हवता. परवा घोडी अशी थांबलेली तिनं बघितली, अन् स्वतःचा तोच हात कानापर्यंत नेला. चांदणी थांबली. पोरगी लई हसली. आज अकरा वेळा थांबवली. बाई आता खोडीचं नाव काढत न्हाईत.

रईसा लिहिते, अब्बा बरे हायत. पण अब्बा, तुमचा लकव्याचा हात कितपत वर जातो, ते कुणीच लिहीत न्हाई.

रविवारी तुम्हाला न्यायला उदगीरला येतो. इथं फाटकात उभे राहा. हात न्हाई उचलला तरी तुम्हाला बघून चांदणी थांबंल.

पण उचला.

तुमचा अकरम